बिननावाचं बटण

पिवळा दिवा लागला आणि कणीक मळता मळता माझे हात थांबले. स्वयंपाकघराच्या दारावर मीच ठोकलेली ती पट्टी. तिच्यात चार दिवे, हिरवा नवऱ्याचा, अपूर्वचा, पांढरा सासूबाईंची देखभाल करणाऱ्या पार्वतीबाईंचा, निळा नणंदेचा, चिन्मयीचा, आणि पिवळा माझा. पट्टी लावून महिना उलटून गेला होता. पांढरा तर दिवसभर पेटायचा. हिरवा पेटायचा आणि वर अपूर्वच्या टेबलाजवळ पीं-पीं व्हायचं. निळा पेटला की तिकडे मनीषनगरात नणंदबाईंचा फोन वाजायचा आणि ती पुढच्या मिनिटाला व्हिडिओवर हजर, आई काय झालं गं म्हणून. पिवळा एकदाही नाही. मधे एकदा मी स्टुलावर चढून तो दिवा काढून तपासलासुद्धा, मेला तर नाही ना म्हणून. चांगला लागत होता. दिव्यात काही खोट नव्हती, खोट असली तर ती आतल्या खोलीतल्या पलंगावर होती. आणि आज तो लागला. सासूबाईंनी मला बोलावलं. छातीत असं धडधडलं की माझा मलाच राग आला. पॉलिटेक्निकात पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई मी, एका दिव्यानं अशी हलून जाते म्हणजे काय? तरी हात न धुता तशीच गेले, बोटांना कणीक चिकटलेली.

बोलावणं ही गोष्ट आमच्या घरात साधी नाही. लग्न लागलं तेव्हापासून या बाईनं मला हाक मारलेली नाही. हाक मारायला नाव लागतं, आणि नावावरूनच सगळं बिनसलं होतं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायचं, ही यांची पद्धत. अनघा असं नाव त्यांनी माझ्यासाठी ठरवून ठेवलं होतं, मला न विचारता. दामिनी हे असलं नाव आमच्याकडे नसतं, म्हणाल्या. आमच्याकडे म्हणजे राजांच्या काळापासून नागपुरात वस्ती करून असलेल्या, दोन पिढ्या सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या घराकडे. मी कन्हानची. बापूजी, माझे वडील, शेतकऱ्याचं पोर, कोळशाच्या खदानीत इलेक्ट्रिशियन. विजेवर पोट चालतं म्हणून त्यांनी पोरीचं नाव विजेचं ठेवलं. मी त्या ताटासमोर बसले तेव्हा बापूजी माझ्या मागं उभे होते, आणि कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू मला म्हणाले, ‘नाव काहून बदलून राहिले हे लोक?’ अपूर्वनं अंगठीनं अ काढला, न काढला, घ काढायला लागला, तेवढ्यात मी हाताच्या तळव्यानं तांदूळ सारखे करून टाकले. माझं नाव दामिनीच राहिलं आणि सासूबाईंनी ते एकदाही उच्चारलं नाही. अनघाही म्हटलं नाही. मी या घरात बिननावाची वावरले.

मग कसं चालायचं? मजेशीर चालायचं. अपूर्व, तिला म्हणावं पोळ्या टाकायला घे. चिन्मयी, तिला विचार कॉलेजातून कधी येणार. सासरे होते तेव्हा ते निरोप्या असायचे, बिचारे. आणि घरात आम्ही दोघीच असलो तर त्या भिंतीशी बोलायच्या, तुळशीशी बोलायच्या, पातेल्यातल्या दुधाशी बोलायच्या. दूध उतू चाललंय, बघायला पाहिजे कोणीतरी. बाहेर वाळवण पडलंय, आभाळ आलंय, कोणीतरी उचललं तर बरं. ते कोणीतरी म्हणजे मी. पहिल्या वर्षी रडले, मग हसले, मग मीही निगरगट्ट झाले. माझ्या तोंडून ‘मले’ निघालं की त्या खिडकीकडे बघून म्हणायच्या, मला म्हणतात, मला. मी मला म्हणायला शिकले, आता तर पोरांसमोर तास तास शुद्ध बोलते, पण राग आला की कन्हान वर येतंच. हे सगळं मी कोणाला सांगितलं तर लोक म्हणतात, एवढंच ना, हाक मारत नाही एवढंच ना, मारत तर नाही. एवढंच. एकाच घरात, एकाच ओट्याशी, रोज कोणी आपल्याला हवेसारखं वागवलं तर काय होतं ते त्यांना विचारायला हवं ज्यांच्याशी कोणी तसं वागलंय. मला तिच्या तोंडून माझं नाव पाहिजे होतं. बाकी काही नको होतं, प्रेम तर नकोच. फक्त एकदा त्या बाईनं म्हणावं, दामिनी, इकडे ये.

आणि होळीच्या सुमारास त्यांचं तोंडच बंद झालं. झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला, ‘नको’. पाणी हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको. डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोक्यात सगळं शाबूत असतं पण बाहेर यायला एकच शब्द सापडतो. आता काय म्हणायचं या नशिबाला? मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसले आणि मनात पहिला विचार आला तो असा की आता ही बाई माझं नाव कधीच घेणार नाही. दुसरा विचार आला तो या पहिल्या विचाराच्या शरमेचा. पण पहिला तो पहिलाच.

घरी आणल्यावर सुरुवातीला त्या डाव्या हातानं स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर वाजवायच्या. ठण ठण ठण. आवाज सगळ्यांनाच ऐकू यायचा, आणि म्हणूनच कोणी उठायचं नाही. अपूर्वला वाटायचं दामिनी गेली असेल, मला वाटायचं पार्वतीबाई असतील, पार्वतीबाईंना वाटायचं आता घरची माणसं आहेत ना. मग एकदम तिघंही दारात, आणि आम्हाला तिघांना एकत्र बघून त्यांचा संताप. नको, नको, नको. त्यांना कोणीतरी एक हवं असायचं, आणि कोण ते सांगता यायचं नाही. अपूर्व म्हणाला, ऑनलाइन बेल मिळते ना, मागवू. मी म्हटलं बेल फक्त एवढंच सांगते की कोणीतरी या. कोण ते नाही सांगत. कोणीतरी हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, मी बनवते. तो म्हणाला, तू उगाच टेन्शन घेऊन राहिली. पण मी तेव्हाच बर्डीच्या बाजारात जाऊन बटणं, दिवे, आयसी, तारा सगळं घेऊन आले.

लहानपणी बापूजींबरोबर खदानीच्या पंपघरात गेले होते, तिथं एका लोखंडी पॅनलवर बटणांची ओळ होती. एक दाबलं की आत जायचं आणि आधी दाबलेलं खटकन वर यायचं. एका वेळी एकच आत. मी पुन्हा पुन्हा दाबून बघत होते आणि बापूजी दाबू देत होते, पंप बंद होता म्हणून. ते वर येणारं बटण मला आवडायचं. त्याला कोणी हात लावलेला नसायचा, कोणी दुसऱ्याला दाबलं म्हणून ते बाहेर. हेच मला तारांनी करायचं होतं. प्रत्येक माणसाची एक पेटी, सगळ्या आईंच्या पलंगाशी ओळीनं. पेटीत एक बटण, एक दिवा आणि एक कडी, लॅच म्हणतात ती, जी बटण दाबलं की लक्षात ठेवते की मला दाबलंय. आणि सगळ्या पेट्यांतून जाणारी एक सामाईक तार. कोणतंही बटण दाबलं की त्या तारेवरून क्षणभर एकच निरोप धावतो, सगळ्यांनी विसरा. सगळे विसरतात, ज्याच्यावर बोट अजून टेकलेलं आहे तो मात्र विसरू शकत नाही, निरोप संपला तरी बोट तिथंच असतं, म्हणून तो एकटा पेटलेला राहतो. कोणाला वरचं स्थान नाही, मधली मोठी पेटी नाही, सगळ्या अगदी सारख्या. नवा माणूस जोडायचा तर शेवटच्या पेटीला त्याची पेटी लावायची, जुन्या एकाही तारेला हात लावायचा नाही. हे जमलं त्या दिवशी मी टेबलाशी बसून एकटीच हसले. पोरं चार बटणांपुरतं जमवतात आणि पाचवं आलं की सगळं उसवून पुन्हा करतात. माझ्यात पन्नास जोडा.

आधी तीनच पेट्या होत्या. चिन्मयी आली, तिनं पाहिलं, म्हणाली वहिनी, माझीही एक लाव ना, मी काय परकी आहे? त्याच दुपारी लावून दिली, तिच्या फोनशी जोडून. नणंदेला पेटी जोडायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात या घरानं मला जोडून घेतलं असतं तर, असं मनात आलं आणि मी सोल्डरची सळई जरा जोरातच आपटून ठेवली. प्रत्येक पेटीवर मी फोटो चिकटवला, त्याखाली ठळक अक्षरांत नाव. त्यांना अक्षरं कळत होती, वर्तमानपत्राचं पान डाव्या हातानं धरून त्या तासभर बघत बसायच्या. माझ्या पेटीवरचं नाव मी दोनदा गिरवलं. दामिनी. मी हे सगळं त्यांच्या सोयीसाठी केलं असं सगळे म्हणत होते, शेजारचे तर सून असावी तर अशी म्हणत होते, आणि मी मान खाली घालून ऐकत होते. खरं असं होतं की ते बटण दाबणं म्हणजे माझं नाव घेणं. तोंडानं नाही घेतलं, बोटानं घ्या. मी त्यांच्यासमोर त्यांना टाळता येणार नाही असं माझं नाव मांडून ठेवलं होतं, हाताच्या अंतरावर. आणि महिनाभर त्यांनी ते टाळलं होतं.

तर त्या संध्याकाळी कणकेच्या हातांनी मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. दाराच्या चौकटीवर एक छोटा खटका बसवला आहे, जो बोलावल्यावर येईल त्यानं तो दाबायचा की दिवा विझतो आणि पीं-पीं थांबते. मी तो दाबला. आई, बोलावलंत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. नको. पाणी? नको. कूस बदलून देऊ? नको. पंखा? नको. प्रत्येक नको सारखाच. मी तरी पाणी पाजलं, उशी सारखी केली, चादर ओढली, आणि परत येऊन पोळ्या लाटल्या. पोळ्या गोल आल्या त्या दिवशी. जेवताना अपूर्वला म्हटलं, आईंनी आज मला बोलावलं. अरे वा, म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, आणि लॅपटॉपकडे बघत भात कालवत राहिला. काय म्हणत होता ते मला आठवेना, पण मला कोणाशी भांडायचं नव्हतं.

त्यानंतर पिवळा वरचेवर पेटायला लागला. सांगायला लाज वाटते, पण मी खूश होते. कॉलेज सुटलं की थेट हुडकेश्वरला घरी, कुठं वळायचं नाही, कोणाशी चहा नाही. स्टाफरूममध्ये म्हणाले, काय मॅडम, घरी कोणी वाट पाहून राहिलं का? मी म्हटलं हौ. खोटं नव्हतं. दिवा लागला की मी धावत जायची, दरवेळी त्या भिंतीकडे तोंड करायच्या, दरवेळी नको, आणि मी दरवेळी त्या नकोचा काहीतरी अर्थ काढून काहीतरी करून यायची. पाय चेपले तर पाय ओढून घ्यायच्या, तरी मी म्हणायची, संकोच वाटत असेल, इतक्या वर्षांची सवय आहे. आपणच आपल्याला असं फसवतो ना, की दुसऱ्याला ते काम करावंच लागत नाही.

मग एक दिवस मी पट्टीच्या अगदी समोर उभी होते. पार्वतीबाई भाजी आणायला गेल्या होत्या. वर अपूर्वची मीटिंग चालली होती, कोणावर तरी इंग्रजीत चढलेला त्याचा आवाज जिन्यातून खाली येत होता. हिरवा पेटला. पीं-पीं सुरू झाली. वरचा आवाज आणखी चढला, त्यानं तिथून ओरडून म्हटलं, एक मिनिट, आणि ते मिनिट मीटिंगला होतं की आईला, कळलं नाही. आणि हिरवा विझला, पिवळा पेटला. एकाच क्षणात, खटकन. मी जागची हलले नाही. डोक्यात काहीतरी सरकायला लागलं होतं, ते मी थांबवून धरलं. गेले, खटका दाबला, आई काय हवं, नको, भिंत. मी त्या दिवशी काही केलं नाही, उशीही नाही. परत पट्टीखाली येऊन उभी राहिले. थोड्या वेळानं निळा. तिकडे चिन्मयीचा फोन वाजला असणार, ती उचलत नव्हती, तिच्या मुलाची परीक्षा, तिचं काहीतरी. निळा पेटून राहिला, पेटून राहिला, आणि विझला. पिवळा. दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई नुकत्या जेवायला बसल्या होत्या, पहिला घास हातात, पांढरा पेटला. त्या उठायला लागल्या. आत आईंना ताटलीचा आवाज ऐकू गेला असेल, पांढरा विझला. पिवळा. पार्वतीबाई म्हणाल्या, तुम्हाले बोलावलं जी ताई, आणि जेवायला लागल्या.

माझी चूक मला तिथंच दिसली, तीही अशी की पहिल्या वर्षाच्या पोरानं केली तर मी त्याला वर्गाबाहेर काढीन. मी पोरांना दरवेळी सांगते, चालू कसं होईल ते नंतर, आधी बंद कसं होईल ते सांगा. आणि मी बंद करायचा खटका दाराच्या चौकटीवर लावला, येणाऱ्याच्या हाताशी. पलंगावरून तो पोचण्यासारखा नव्हता. बोलावलेल्याला बंद करता येत होतं, बोलावणारीला नाही. एकदा हाक मारली की ती परत घ्यायची सोयच मी ठेवली नव्हती. या सर्किटात दिवा विझवायचा एकच मार्ग उरत होता, दुसरं कोणतं तरी बटण दाबायचं. कोणतं दाबायचं? मुलाचं काम मोडायला नको. मुलगी कामात असेल. पार्वतीबाई दमलेल्या, घास तोंडात. ज्याला त्रास झाला तरी चालेल असं एकच बटण. अर्धं डोकं निकामी झालेल्या बाईनं एका बोटानं माझ्या सर्किटातली चूक हुडकली होती आणि त्या चुकीत मला नेमून बसवलं होतं. मी या घराचं बंद करायचं बटण होते. दुधाशी बोलायच्या त्या दिवसांत निदान काम तरी माझ्याकडून करून घ्यायच्या.

मी आत गेले, दार लोटलं, आणि मला जे बोलायचं होतं ते बोलले. आवाज चढवला नाही. “तुम्ही मले बोलावतच नव्हता. दुसऱ्याला त्रास नको म्हणून मले दाबत होता.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चांगलं सरळ पाहिलं, भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. मले म्हटलेलं त्यांना ऐकू गेलं होतं, भुवई हलली. मी वाट पाहिली. नको येईल म्हणून वाट पाहिली, मग मी म्हणणार होते, बघा, हे तरी खोटं आहे म्हणा. त्यांनी तोही शब्द खर्च केला नाही. म्हणजे मी बरोबर होते.

त्यानंतर मी जाणं सोडलं. पिवळा पेटायचा, मी भाजी चिरत राहायची. पीं-पीं, पीं-पीं, चिडचिड्या पाखरासारखी. वाजू दे. असं चाललं होतं, तेवढ्यात एकदा अपूर्व वरून धाडधाड खाली आला आणि मला विचारलं, दिवा तुझा लागून राहिला, तू जात काहून नाहीस? मी त्याला समजावून सांगितलं, सगळं, हिरवा कसा विझतो, पिवळा का पेटतो. मला वाटलं त्याला कळेल, वाईट वाटेल. तो हसला. म्हणजे आई मला मीटिंगमध्ये डिस्टर्ब नाही करत, म्हणाला, एवढ्यातही किती समज आहे बघ तिला. मी हातातली सुरी खाली ठेवली. तेव्हा तो थोडा वरमला आणि मग चिडला, त्याचं नेहमी असंच, आधी वरमतो आणि मग त्याचा राग धरतो. “तिच्या हातात एक बोट उरलंय, दामिनी. त्याचाही तू हिशेब लावून राहिली.” मला म्हणायचं होतं, तुझी आई आणि तू, तुम्ही दोघं एकाच तारेवर आहात, आणि मी कुठंच नाही. पण म्हणून काय झालं असतं? तो परत वर गेला, मीटिंग होती.

इलाज अगदी सोपा होता, म्हणूनच मी तो बरेच दिवस केला नाही. आणखी एक पेटी जोडायची. बाकीच्यांसारखीच, तीच कडी, तीच सामाईक तार, फक्त तिच्यापुढे कोणाचाच दिवा नाही, कोणाचाच फोन नाही. ते बटण दाबलं की सगळे विसरतात आणि पेटतं कोणीच नाही. मी कितीही माणसं जोडता येतील म्हणून मिरवत होते, आणि जोडायचं होतं ते कोणीच नाही. ती पेटी लावली की हाक परत घेता येणार, आणि पिवळा दिवा मग कधीही पेटणार नाही. खोट्यानं सुद्धा नाही. न लावली तर मी आहे तिथं, लोकांना त्रास नको म्हणून दाबायची जागा, पण निदान दाबायची तरी. माझं नाव रोज त्या बोटाखाली येत होतं, कशासाठी का होईना. बसमध्ये, वर्गात, फळ्यासमोर मी हेच घोकत होते, लावू की नको. एवढी शिकलेली बाई, आणि तिचं सगळं मन एका बटणावर अडून बसलेलं. किळस आली मला माझी. आणि त्या किळसेतच एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुने पेपर अंथरले आणि पेटी करायला घेतली. भलं व्हावं म्हणून नाही. सांगते ना, भलं व्हावं म्हणून मी त्या बाईचं काहीच केलेलं नाही. मला बघायचं होतं की त्रासाची जागा काढून घेतल्यावर माझं काय उरतं.

पेटीवर फोटो नाही, नाव नाही, लाल बटण. पलंगाजवळ नेऊन शेवटच्या पेटीला लावली आणि त्यांना एकदा करून दाखवलं. हिरवा लावला, लाल दाबलं, विझला. बघा, आता कोणाला मधे घालायची गरज नाही, म्हटलं. त्यांना लगेच कळलं, पोरांनाही इतक्या लवकर कळत नाही. त्यांनी स्वतः हिरवा लावला, विझवला. निळा लावला, विझवला, मनीषनगरात फोन अर्धा वाजून थांबला असेल. पांढरा लावला, विझवला. तोंडाच्या चांगल्या बाजूला हसू आलं होतं, मी तिथं आहे हे विसरून. पिवळ्याकडे बोट गेलं नाही. करून बघायलासुद्धा गेलं नाही. मी स्क्रूचा पेचकस उचलला, पेपर गोळा केले, डस्टबिनमध्ये टाकले.

नंतरचे दिवस सुरळीत गेले, म्हणजे या घराच्या भाषेत सुरळीत. हिरवा पेटायचा, विझायचा. अपूर्व म्हणाला, आता छान चाललंय. चिन्मयी म्हणाली, वहिनी तुझं डोकं भारी आहे हं. पिवळा काळा पडून होता. मी आता पट्टीकडे बघत नव्हते असं म्हणायला मला आवडेल, पण मी बघत होते. दूध तापवताना, डबा भरताना, काहीही करताना मान आपोआप वर जायची. नाही लागत ना? नाही. बरं झालं.

आणि परवा दुपारी तो लागला. कॉलेजला सुट्टी होती. पार्वतीबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, अपूर्व वर होता, त्याचा आवाज नव्हता, काम नव्हतं बहुतेक. मी ओट्याशी चहा टाकला होता आणि पट्टीकडेच बघत होते, म्हणून मला पक्कं माहीत आहे की त्याआधी कोणताच दिवा लागलेला नव्हता. हिरवा नाही, निळा नाही, पांढरा नाही. लाल बटण बोटापाशी असताना, ज्यांना बोलावता आलं असतं ते सगळे मोकळे असताना, त्या बाईनं माझ्या नावावर बोट ठेवलं होतं. कोणाला विझवायला नाही. मला. दामिनी, इकडे ये. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते स्वयंपाकघराच्या दारावर पिवळं होऊन जळत होतं आणि पीं-पीं करत होतं, आणि मी काय केलं असेल? मी गॅस बारीक केला.

मला धावत जायचं होतं, पाय निघालेही होते. पण त्याच पायांतून काहीतरी वर चढत आलं, काळं, उकळतं, तांदळाच्या ताटापासूनचं सगळं. थांब म्हटलं. थांबू दे ना जरा. आता तिला पाहिजे तर लगेच? मी थांबले नाही का, दुधाशी बोललेलं ऐकत, तुळशीशी बोललेलं ऐकत? कळू दे वाट पाहणं काय असतं. मी चहा गाळला. कपात ओतला. गाळणी धुतली, चोथा टाकला, ओटा पुसला, कोरडा होता तरी पुसला. दिवा जळत होता. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत कोणीतरी माझ्यासाठी ताटकळत होतं, आणि मी चहाचा घोट घेत होते, गोड, गरम, आणि दिव्याकडे बघत होते. अजून थोडं. एवढा चहा संपला की जाते. दार उघडीन, खटका दाबीन, काय आई, म्हणीन, आणि या वेळी भिंतीकडे तोंड त्यांना करता येणार नाही, त्यांनीच बोलावलंय. कप अर्धा झाला होता.

पिवळा विझला.

मी पट्टीकडे बघत राहिले. आता हिरवा लागेल, पांढरा लागेल, असं वाटलं. कोणताच लागला नाही. चारही काळे. माझ्या हातातला कप कलंडून चहा ओट्यावर सांडला तेव्हा मला कळलं की मी कप धरलेला आहे. मी धावले. दाराचा खटका दाबायला हात गेला, दाबण्यासारखं काही नव्हतं, आवाज आधीच थांबला होता. सासूबाई उताण्या होत्या, डोळे मिटलेले, डावा हात लाल बटणावरून उचलून छातीवर ठेवलेला. त्या झोपलेल्या नव्हत्या, श्वासावरून कळत होतं. मी म्हटलं, आई, आले मी. काय हवं होतं? त्या डोळे उघडेनात. आई, मी दामिनी. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिले, मी पुन्हा म्हटलं, दामिनी, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. कमीत कमी नको तर म्हणा.

मागच्या दारानं पार्वतीबाई रिकामी बादली घेऊन आल्या. त्यांना अंगणात पीं-पीं ऐकू गेली होती, पण हात कपड्यांत अडकलेले म्हणून आत येऊन त्यांनी पट्टी पाहिली नव्हती. पलंगाकडे आणि मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं,

“कोणाले बोलावत होत्या जी?”

“कोणालेच नाही,” मी म्हटलं.